नमुना आठ हातात आला, पण बांधकामाची परवानगी कुठे आहे?

बदलापूर गेलं की संध्याकाळच्या कर्जत लोकलच्या लेडीज डब्यात जरा जागा होते. उभ्या असलेल्या बसतात, पिशवीतून मेथीची जुडी निघते, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं जातं आणि नेरळ येईपर्यंत भाजी निवडून होते. त्या वेळात मुलांचे क्लास, सोन्याचा भाव आणि घरची आजारपणं यांच्यासोबत एक विषय हमखास निघतो तो प्लॉटचा. कोणी शेलूला घेतला, कोणी वांगणीला, कोणाच्या दिराने भिवपुरीच्या पुढे घेतला.

मी घरांचे नकाशे काढायचं काम करते, हे डब्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कागद माझ्यासमोर येतात. एकदा रोजच्या सोबतीणीने मोबाइल पुढे केला. चार वर्षांपूर्वी तिने आणि तिच्या नवऱ्याने आमच्याच गावाच्या कडेला दीड गुंठा घेऊन बैठं घर बांधलं. ती म्हणाली, "ताई, नमुना आठ आमच्या नावावर झाला. घरपट्टी भरली, लाइटचं मीटर आलं. आता वर एक मजला घ्यायला हरकत नाही ना?"

हरकत आहे की नाही, हे त्या कागदावरून कळतच नाही. तिने आयुष्यभराची बचत ज्या कागदाच्या भरवशावर घातली, तो कागद या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी बनलेलाच नाही. मुंबईच्या किंवा पुण्याच्या रेल्वेमार्गावर अशी शेकडो गावं आहेत आणि प्रत्येक गावात ही गल्लत झालेली घरं आहेत. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. गावात कोणतं घर कुठे आहे, किती मोठं आहे, पत्र्याचं की सिमेंटचं, त्यावर किती कर बसतो आणि तो कोणाकडून घ्यायचा, एवढंच तिच्यात असतं. घर उभं आहे, माणसं राहतात, गावाचं पाणी आणि दिवाबत्ती वापरतात, तर त्यांनी पट्टी भरावी, हा त्यामागचा साधा हिशेब. घर कोणाच्या परवानगीने बांधलं हे ती नोंदवही विचारत नाही. ज्याच्याकडून पट्टी घ्यायची त्याचं नाव तिच्यात लागतं. कराच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असं न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलेलं आहे. मीटरचंही तेच. मीटर तुम्ही तिथे राहता आणि वीज वापरता एवढं दाखवतं. दुय्यम निबंधकाकडे झालेली दस्ताची नोंदणीसुद्धा व्यवहार झाल्याचा पुरावा असते, त्या जमिनीवर घर बांधता येईल याची हमी नसते.

मग काय बघायचं? घर बांधताना तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं तीन वेगळ्या दप्तरांत असतात. जमीन कोणाची? तिचा वापर कशासाठी करता येतो? आणि तिच्यावर नेमकी कोणती इमारत उभी राहणार? गावात सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी एकाच चौकात भेटतात, म्हणून आपल्याला वाटतं की एकाने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांनी म्हटलं. तसं नसतं.

गावठाणाची रेषा

गावात बांधकामाचे नियम समजून घ्यायचे तर आधी गावठाण समजायला हवं. गावठाण म्हणजे गावाची जुनी वस्ती, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरं आहेत ती जागा. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १२२ प्रमाणे तिची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. या हद्दीतली जागा घरांसाठीच असते, त्यामुळे तिथे शेतीची जमीन बिनशेती करून घेण्याचा प्रश्न येत नाही. हद्दीबाहेर सातबाऱ्याची शेतजमीन सुरू होते.

ही रेषा नकाशात असते, जमिनीवर दिसत नाही. आमच्या गावात ती मारुतीच्या देवळामागून निघते आणि पिठाच्या गिरणीच्या भिंतीला घासून पुढे जाते. गिरणीच्या अलीकडे जुनी कौलारू घरं, पलीकडे गेल्या पंधरा वर्षांत आलेली स्लॅबची. रस्ता तोच, नळाची लाइन तीच, गणपतीची वर्गणीही एकच. पण गिरणीच्या अलीकडच्या घराला एक कायदा आणि पलीकडच्याला दुसरा.

अलीकडे, म्हणजे गावठाणात, ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ५२ लागतं. घर बांधण्याआधी किंवा पाडून पुन्हा उभं करण्याआधी पंचायतीची परवानगी घ्यायची. इथे ग्रामपंचायतीला खरोखर अधिकार आहे. पलीकडे मात्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ लागतो. प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागात परवानगी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देतो आणि नकाशा नगररचना कार्यालय तपासतं. काही पट्ट्यांत तर वेगळं प्राधिकरणच नेमलेलं असतं. पनवेलकडच्या गावांसाठी २०१३ मध्ये नैना हे विमानतळाभोवतीचं नियोजन क्षेत्र जाहीर झालं आणि तिथलं नियोजन सिडको या सरकारी कंपनीकडे गेलं. पुण्याभोवतीच्या गावांसाठी २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आलं. तुमचं गाव यांपैकी कोणाकडे आहे, हा पहिला प्रश्न. दलालाला विचारू नका, तालुक्याच्या ठिकाणी जाऊन विचारा.

गिरणीपलीकडच्या घरमालकांच्या हातात बहुतेक वेळा एक ठरावीक कागद असतो, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. त्यावर गोल शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, सही असते. वाचून बघा. पंचायतीला हरकत नाही, एवढंच त्यात म्हटलेलं असतं. जी परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीकडे नाही, ती या दाखल्याने मिळत नाही. सरपंचांनी फसवलं असंही दरवेळी नसतं. वर्षानुवर्षं गावात असंच चालत आलं, मागणारे मागत राहिले आणि देणारे देत राहिले.

गावठाणातल्या लोकांची अडचण उलटी असते. त्यांचं घर वाडवडलांपासूनचं असतं, पण हातात नमुना आठशिवाय कागदच नसतो, कारण बहुतेक गावठाणांची घरनिहाय मोजणी कधी झालेली नव्हती. २४ एप्रिल २०२० ला केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक घराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका तयार होते. तुमच्या गावात ही मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या आणि तिच्यातलं क्षेत्रफळ टेपने ताडून बघा. अंगण, पडवी, पागोळीची जागा कोणाच्या नावे लागली यावरून पुढे भाऊबंदकी होते. चूक असेल तर ती आताच दुरुस्त करायला हवी, शेजाऱ्याने भिंत घातल्यावर नव्हे.

सातबारा वाचताना

गावठाणाबाहेर जमीन घेताना लोक सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव शोधतात आणि थांबतात. खरी गोष्ट बरेचदा खालच्या "इतर हक्क" या रकान्यात असते. आमच्या कर्जत तालुक्यात ठाकूर आणि कातकरी समाजाच्या जमिनी पुष्कळ आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे पूर्वपरवानगी लागते. ती नसताना केलेला व्यवहार टिकत नाही, मग त्यावर बंगला उभा राहिलेला असो. "भोगवटादार वर्ग २", म्हणजे अटींवर धारण केलेली जमीन, असं लिहिलं असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. कुळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा असेल तरी हस्तांतरावर अटी असतात. आणि मुळात शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि कुठेही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला ती थेट घेता येत नाही.

यातून पळवाट म्हणून सामाईक सातबारा आला. अकरा जणांनी मिळून एक तुकडा घ्यायचा, अकरा नावं लावायची आणि आपापसांत चुन्याच्या रेषा मारून घ्यायच्या. कागदावर तुमचा वाटा असतो, पण तो कुठल्या कोपऱ्यात आहे हे कागद सांगत नाही. अकरांपैकी एकाने कर्ज काढलं, एक वारला आणि वारस भांडायला लागले की सगळ्यांचं अडतं. मोजणीला गेलात तर भूमी अभिलेख खातं तुमच्या चुन्याच्या रेषा मानत नाही. जमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. त्याचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, तुकडे नियमित करण्याच्या सवलतीही आल्या आहेत. पण दलाल दाखवतो ती बातमी आणि तुमच्या गटाला लागू असलेला आदेश या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तहसील कार्यालयात गट क्रमांक सांगून विचारलं तरच खरं कळतं.

"फार्महाउस प्लॉट" या शब्दाबद्दलही सावध राहायला हवं. स्टेशनबाहेरच्या फलकांवर पाच गुंठ्यांचे फार्महाउस प्लॉट असतात. शेतजमिनीवर शेतघर बांधायची मुभा कायद्यात आहे, पण त्यासाठी जमीन किमान ०.४ हेक्टर, म्हणजे सुमारे एक एकर लागते. एका एकरात चाळीस गुंठे असतात. पाच गुंठ्यांवर शेतघराची सवलत मिळत नाही. एवढा एक आकडा लक्षात ठेवला असता तर माझ्या ओळखीतली दोन घरं वाचली असती.

बिनशेतीबद्दल मात्र गोष्टी पूर्वीपेक्षा सोप्या झाल्या आहेत. प्रादेशिक किंवा विकास योजनेत जमीन रहिवासी विभागात असेल, तर वेगळी बिनशेती परवानगी न मागता रूपांतर कर आणि अकृषिक (बिनशेती) आकारणी भरून सनद, म्हणजे बिनशेती वापराचा कागद, मिळण्याची सोय झाली. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीलाही हा मार्ग खुला झाला. पण जमीन योजनेत त्या वापरासाठी असली पाहिजे. म्हणून नगररचना कार्यालयातून झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या विभागात येते त्याचा दाखला, आणि योजनेतल्या तेवढ्या भागाचा नकाशा (भाग नकाशा) काढायचा. थोडी फी आणि काही दिवस लागतात. बिनशेती न करताच घर बांधलं, तर त्याच संहितेच्या कलम ४५ प्रमाणे दंड होऊ शकतो.

"३२०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही" या वाक्याचं काय?

माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस हे वाक्य म्हणतो. त्यात तथ्य आहे, म्हणूनच त्याने जास्त घोटाळा होतो.

३ डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. तिला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली म्हणतात. छोट्या घरांना कचेऱ्यांत खेटे घालायला लागू नयेत म्हणून तिच्यात सवलत ठेवली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मंजुरीची वाट बघायची नाही. कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा किंवा वास्तुविशारदाचा दाखला आणि शुल्क जमा करायचं आणि काम सुरू करायचं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत निर्णय द्यायचा. ३०० चौरस मीटर म्हणजे साधारण ३२०० चौरस फूट. पुढे ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातल्या घरांसाठी हीच सवलत जाहीर केली, नगररचनाकाराकडे न जाता ग्रामपंचायतीच्या पातळीवर काम व्हावं म्हणून. तो आकडा मथळ्यात आला आणि गावोगाव पसरला.

इथे सुटली ती फक्त मंजुरीची रांग. नियम सगळे जागेवर आहेत. नकाशा नियमात बसतो असं लिहून देणारा अभियंता त्याला जबाबदार असतो. मालकीचे कागद, मोजणीचा नकाशा, सोडायची मोकळी जागा, उंची, जोत्याची पातळी, यांपैकी काहीही माफ झालेलं नाही. आणि ज्या जमिनीवर रहिवासी वापरच चालत नाही, तिथे ३२०० फूट काय आणि ३२० फूट काय.

आमच्याकडच्या लोकांनी ध्यानात ठेवायची आणखी एक गोष्ट आहे. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्राने अधिसूचित केलेले प्रदेश या नियमावलीतून वगळलेले आहेत. माथेरान आणि त्याच्या पायथ्याचा परिसर २००३ मध्ये असा जाहीर झाला. त्यात फक्त डोंगरमाथा नाही, खालच्या तालुक्यांतली काही गावंही आहेत. तेव्हा नेरळच्या डोंगराकडच्या बाजूला घर बांधणाऱ्याने बदलापूरच्या मित्राचे नियम वापरून चालणार नाही. तसंच काही सातबाऱ्यांवर "खाजगी वने" किंवा "राखीव वन" असे शेरे असतात. तिथे नकाशा काढण्याआधी वन खात्याकडे जावं लागतं. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. स्टेशनजवळचा प्लॉट म्हणून जो जास्त भावाने घेतला, त्यालाच बरेचदा हा नियम लागतो.

पाणी कुठून येतं आणि कुठे जातं

नियम म्हटलं की लोकांना शिक्के आठवतात. मला विहीर आठवते.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चौरस धरला तर ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे साधारण १० मीटर बाय १० मीटर. आता शौचालयाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत किमान १२ मीटर अंतर राखायला हवं. तुमचा प्लॉटच १० मीटरचा. चारही बाजूंना तसेच एक-एक गुंठ्याचे तुकडे, प्रत्येकात एक खड्डा आणि एक बोअर. तुम्ही आपला खड्डा पूर्वेच्या कोपऱ्यात घेतलात, तर शेजाऱ्याची बोअर कुंपणापलीकडे चार हातांवर असते. एकट्याने कितीही मनापासून नियम पाळायचा म्हटलं, तरी अशा तुकड्यांत तो पाळताच येत नाही. म्हणूनच मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडताना आधी रेखांकन, म्हणजे सगळ्या प्लॉटांचा मिळून आराखडा, मंजूर करून घ्यायचं असतं. रस्ते किती रुंद, मोकळी जागा कुठे, सांडपाणी कुठे जाणार, हे तिथे ठरतं. चुन्याच्या रेषा मारताना ते कोणी ठरवत नाही.

आमच्या गावात गिरणीमागे एक जुनी बांधीव विहीर आहे. तिचं पाणी मी लहान असताना आम्ही थेट पीत होतो. आता ते फक्त कपड्यांना वापरतात. तिच्याभोवती नऊ घरं झाली.

पावसाचंही तसंच. कौलारू घरांत पागोळीखाली दोन-तीन फूट जागा सोडायची रीत होती. आपल्या छपराचं पाणी आपल्याच जमिनीत पडावं, शेजाऱ्याच्या भिंतीवर नाही, एवढा साधा विचार त्यात होता. नियमावलीत ज्याला सामासिक अंतर म्हणतात, त्यात हाच विचार आहे. शिवाय उजेड, वारा आणि आग लागली तर मध्ये शिरायला वाट. स्लॅबची घरं आली, भिंतीला भिंत लागली आणि गच्चीचा पाइप शेजाऱ्याच्या ओट्यावर सुटला. पंचायतीत पावसाळ्यात येणारी निम्मी भांडणं या पाइपांची असतात, असं आमचे ग्रामसेवक म्हणतात.

नदीकाठच्या जमिनीत तर जिवाचाच प्रश्न आहे. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराच्या आसपास प्रवासी नौदल, एनडीआरएफ आणि गावकऱ्यांनी मिळून बाहेर काढले. ते दृश्य सगळ्या देशाने पाहिलं. त्याच काठावर "रिव्हर व्ह्यू" प्लॉट विकले जातात. जलसंपदा विभाग नदीच्या दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर, म्हणजे दीड फूट वर हवं. काठावरचा प्लॉट घेताना विकणाऱ्याला दुसरं काही विचारलं नाहीत तरी चालेल, पण पूररेषेचा नकाशा मागा. आणि गावातल्या एखाद्या आजीला विचारा, २००५ साली पाणी कुठवर आलं होतं. ती भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

परवानगीचा प्रवास

मजला किती चढवता येतो हे चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय) ठरतं. तो १ असेल तर १००० फुटांच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून १००० फूट, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्याची रुंदी आणि विभाग यांप्रमाणे तो बदलतो.

खरी साखळी चार कागदांची असते आणि लोक पहिल्या कागदावर थांबतात. मंजूर नकाशासोबत प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, तेव्हा काम सुरू करायचं. जोतं झालं की घर ठरल्या जागी आणि ठरल्या मापाचं आहे का, याची तपासणी करून घ्यायची. काम संपलं की पूर्णत्वाचा दाखला द्यायचा आणि मग भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचं. हे शेवटचं प्रमाणपत्र म्हणजे घर मंजूर नकाशाप्रमाणे झालं याची खातरजमा. गावात ते मागायला फार कमी जण जातात, पण पुढे घर विकताना बँक तेच मागते. साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायची तरतूदही कायद्यात आहे, पण ती नकाशा नियमात पूर्ण बसत असेल तरच. ती ढाल म्हणून वापरता येत नाही.

रेखांकन केलेल्या मोठ्या प्रकल्पात प्लॉट घेत असाल, तर जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असल्यास महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी बघा. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू आहे आणि नोंदणी क्रमांक घालून संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतं.

आधीच बांधून झालेलं असेल तर? परवानगीशिवाय बांधणं हा नगररचना कायद्याच्या कलम ५२ खाली गुन्हा आहे. त्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. पण नोटीस आली म्हणजे सगळं संपलं असं नाही. कलम ५३ खाली नोटीस आली की त्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. नियमात बसणारा भाग नियमित होऊ शकतो, न बसणारा काढावा लागतो. गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले तुकडे, नियमित करण्याचा २००१ चा कायदाही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या तुकड्यांपर्यंत वाढवली. आणि १३ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे पाडकाम करण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र रस्ता, पदपथ, रेल्वेची जागा आणि नदी-नाल्यांवरच्या बांधकामांना हे संरक्षण नाही. नोटीस कपाटात ठेवू नका. ज्या दिवशी आली त्या दिवसापासून दिवस मोजा.

सोबतीणीचे कागद मी रविवारी तिच्या घरी बसून पाहिले. तिचा गट क्रमांक भाग नकाशात शोधला. घर गावठाणाच्या रेषेपासून दोनशे मीटरच्या आत निघालं आणि विभाग रहिवासी, ही चांगली बातमी. सातबारा सामाईक, सहा नावांचा, ही वाईट बातमी. बिनशेतीची सनद नाही, प्रारंभ प्रमाणपत्रही नाही. ना हरकत दाखला मात्र प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेला. तिच्या नवऱ्याने विचारलं, "मग आता काय करायचं?" मजल्याचा विषय बाजूला ठेवायचा, सहाही जणांना बसवून मोजणीचा अर्ज करायचा, वाटणीचं बघायचं, मग सनद आणि मग जे उभं आहे ते नियमात बसवण्याचा अर्ज, असं मी सांगितलं. वर्ष तरी जाईल. मजल्यासाठी साठवलेल्या पैशांतला बराचसा भाग यातच जाणार, हे ऐकून दोघं थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

मोजणीदार आले ते पावसाळा संपल्यावर. सहापैकी पाच जण हजर होते. सहाव्याने सुरतहून व्हिडिओ कॉल लावला होता. पहिला दगड जांभळाच्या झाडाशी बसला, दुसरा बांधावर. तिसरा तिच्या न्हाणीघराच्या मागच्या भिंतीपलीकडे आला, म्हणजे भिंत शेजाऱ्याच्या हद्दीपासून फूटभर आत, तिच्याच बाजूला. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि स्वतः टेप धरून पुन्हा मोजायला लावलं. फूटभर आतच. मग तिने क-प्रतीच्या (मोजणीच्या नकाशाच्या प्रतीच्या) अर्जाची पावती माझ्याकडून परत घेतली आणि घडी घालून पदराला बांधली.